थांबून निघताना पिकअप मान टाकते, रेस दिली तरी दोन सेकंद उचलच नाही (डिझेल, २०१८)

बेदाणा_तासगाव
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझी पिकअप २०१८ची. डिझेल, कॉमन रेल, टर्बो, बीएस-४. १ लाख ४० हजार किलोमीटर झालेत. हंगामात नागजच्या शेडवरनं बेदाणा भरायचा आणि तासगाव नाहीतर सांगलीच्या कोल्ड स्टोरेजला टाकायचा. बाकीचे महिने भाजीपाला, खत, मिळेल ते भाडं.

दोनेक महिन्यांपासून एक त्रास सुरू झालाय. गाडी थांबली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडत रेस दिली की गाडी हलते आणि तिथंच मान टाकते. पाय अर्ध्याच्या खाली गेलेला असतो, इंजिन जड आवाज करतं, पण उचल म्हणून नाही. दोन सेकंद असेच जातात आणि मग मागनं कुणी ढकलल्यासारखी सुटते. एकदा दोन हजार आरपीएमच्या वर गेली की मिरजेपर्यंत काही तक्रार नाही.

गेल्या गुरुवारी नागज फाट्यावर महामार्ग ओलांडत होतो. मागं १५ किलोच्या ८० पेट्या, केबिनमध्ये घरची मंडळी आणि धाकटा मुलगा. मोकळं बघूनच गाडी काढली, पण मधोमध गेल्यावर तिनं मान टाकली. पंढरपूरकडनं ट्रक येत होता. त्या ड्रायव्हरनं वेळेत ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून फाट्यावर आलो की हाताला घाम सुटतो.

आतापर्यंत डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर नवीन टाकले. एका गॅरेजात स्कॅनर लावला, कोड काहीच निघाला नाही. तरी "पेडलचा सेन्सर असणार" म्हणून अख्खं पेडल बदललं. काडीचा फरक नाही. आता पंप आणि इंजेक्टर उतरवायचे म्हणतात. हंगाम संपत आलाय, खर्चाला मागं बघावं लागतं. त्याआधी जाणकारांनी काही सुचवावं.

खंबाटकी
सोमवार, रात्री १०.१५

दादा, आधी पोराबाळांना घेऊन तो फाटा ओलांडणं थांबवा. पुढचं सगळं नंतर.

माझी गाडी सातारा-पुणे असते. आनेवाडीच्या टोलला थांबून निघताना अगदी असंच व्हायचं. माझ्या गाडीत डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठलं होतं. खालचा स्क्रू सैल करून बाटलीत काढलं तर निम्मं पाणीच. तुम्ही फिल्टर बदललाय खरं, पण टाकीतलं पाणी काढलं का? पेट्रोल पंप बदलून बघा, सलग तीन-चार टाक्या एकाच ठिकाणी भरा.

ड्रायव्हर_कराड
मंगळवार, सकाळी ६.०५

पाव्हणं, ईजीआरला पत्रा मारा, म्हंजी जळका वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह बंद करा. मी धा वर्षं गाडी चालवतोय, चार गाड्यांना मारलाय. काजळीनं तो व्हॉल्व्ह उघडाच ऱ्हातो, इंजिनला चांगली हवाच मिळत न्हाई, मग गाडी दबती. बारका पत्रा कापायचा, गॅस्केटच्या जागी बशिवायचा. अर्ध्या तासाचं काम.

शेतकरीण_पलूस
मंगळवार, सकाळी ८.३०

आमच्या गाडीचा अनुभव लिहिते. फिल्टर बदलल्यावरच त्रास सुरू झाला होता. फिल्टरच्या वाटीची रबरी रिंग नीट बसली नव्हती, तिथून हवा आत ओढली जायची. डिझेल बाहेर गळत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी यजमानांनी फिल्टरपुढे फूटभर पारदर्शक नळी लावली आणि गाडी चालू करून बघितली, तर बारीक बुडबुड्यांची रांग दिसली. रिंग बदलली, हातपंप मारून हवा काढली, गाडी सरळ झाली.

पण आमची गाडी सकाळी पहिल्यांदा चालू व्हायलाही वेळ घ्यायची. तुमची सकाळी कशी चालू होते, दादा?

मिरज_फिटर
मंगळवार, दुपारी १.५०

जेवायच्या सुट्टीत वाचलं. मी ३१ वर्षं डिझेलचंच काम करतोय. पंप-इंजेक्टर उतरवायची घाई करू नका. सांगतो का ते.

पेट्रोल गाडीत पाय दिला की हवेची झडप उघडते. डिझेलचं तसं नाही. आपण पाय देतो म्हणजे इंजिनकडे जादा डिझेल मागतो. ते किती द्यायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि ठरवताना आत हवा किती येतेय ते बघतो. हवा कमी दिसली तर पाय तळाला टेकवला तरी तो डिझेल रोखून धरतो. नाहीतर गाडी काळा धूर ओकेल. म्हणून "गाडी दबते" एवढ्यानं काही कळत नाही. दबताना मागनं काय निघतं ते बघायला लागतं.

काळा धूर भसाभसा निघत असेल तर डिझेल पोचतंय, हवा हरवतेय. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचा होज फाटलेला, क्लिप सुटलेली, नाहीतर ईजीआर उघडा अडकलेला. पांढरा धूर आणि डोळ्याला झोंबणारा वास असेल तर डिझेल नीट जळत नाही, मग इंजेक्टरकडे बघू. आणि धूरच नसेल तर डिझेल मिळतच नाही. एकतर रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत दाब नाही, किंवा ईसीएम मुद्दाम देत नाही.

मला एवढं सांगा. दबताना धूर कसला? न्यूट्रलमध्ये जागेवर रेस दिली तर? रिकाम्या गाडीला किती आणि भरलेल्या गाडीला किती? सकाळी स्टार्ट कशी होते? आणि चढावर हँडब्रेकवर थांबून निघालात तर तसंच होतं का?

कराडच्या मित्रा, तुझा अनुभव खोटा नाही. ईजीआर अडकला की गाडी दबतेच. पण अडकलेला व्हॉल्व्ह काढून साफ करता येतो. पत्रा मारला की आतली आच वाढते, विषारी वायू जादा निघतात, आणि ते कायद्यातही बसत नाही. नवीन गाड्यांत तर ईसीएम लगेच पकडतो आणि ताकद कापतो. यांच्या गाडीत ईजीआरचा दोष आहे हे तरी अजून कुठं ठरलंय?

बेदाणा_तासगाव
मंगळवार, रात्री ९.१०

काका, आज भाचा मागं मोटारसायकलवर ठेवला आणि मी दहा-बारा वेळा थांबून निघालो. भाचा म्हणतो धूर जवळजवळ नाही. सुटते तेव्हा किंचित काळी फुंकर, बस.

न्यूट्रलमध्ये झकास रेस घेते, सुई सरसर वर जाते. रिकामी असताना थोडंसं जाणवतं, भरलेली असताना फार. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते. ताई, त्यामुळे तुमच्यासारखी हवा धरत नसावी असं वाटतंय. तरी पारदर्शक नळी लावून बघितली, बुडबुडा नाही. खंबाटकी दादा, टाकीचा तळ काढला, पाणी नव्हतं.

चढावरचा प्रश्न विचारलात म्हणून शेडच्या चढावर मुद्दाम दोन प्रकारे बघितलं. पायाच्या ब्रेकवर थांबून निघालो तर दोन-अडीच सेकंद दबली. हँडब्रेक ओढून मिनिटभर तसाच थांबलो, पाय ब्रेकला लावलाच नाही, आणि मग निघालो तर अर्ध्या सेकंदात उचलली. असं का?

खंबाटकी
मंगळवार, रात्री ९.३०

म्हणजे ब्रेक जाम होतोय का? चाकं धरून ठेवतोय?

बेदाणा_तासगाव
मंगळवार, रात्री ९.४५

नाही. चारही चाकं हाताला सारखीच कोमट. सपाटीवर न्यूट्रल केली की छान घरंगळते.

मिरज_फिटर
बुधवार, सकाळी ७.२०

रात्री हा हँडब्रेकचा मुद्दा वाचला आणि मी जागाच झालो. आता एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. इंजिन चालू असताना ब्रेकचं पेडल लागोपाठ दोन-तीनदा दाबलं तर दगडासारखं कडक होतं का?

बेदाणा_तासगाव
बुधवार, सकाळी ८.०५

होतं. मला वाटलं लायनर नवीन टाकल्यामुळे असेल. दुसऱ्या दाबालाच कडक. तिसऱ्याला मांडीवर जोर द्यावा लागतो.

मिरज_फिटर
बुधवार, सकाळी ८.२०

गाडी उभी करा. आज माल भरू नका. कामावरनं आलो की सविस्तर लिहितो.

मिरज_फिटर
बुधवार, रात्री ८.४०

आता नीट सांगतो. डायनॅमोच्या मागं जो एक्झॉस्टर असतो, म्हणजे वॅक्यूम पंप, तो ब्रेकच्या बूस्टरमधली हवा ओढून घेतो. त्या ओढीमुळे आपला ब्रेक हलका लागतो. तुमच्या मॉडेलच्या गाडीत त्याच पंपावरनं आणखी एक बारीक नळी निघते. ती मॉड्युलेटर नावाच्या छोट्या विजेच्या व्हॉल्व्हमधनं टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, डब्यापर्यंत जाते. डब्याला एक सळई आहे. ती सळई टर्बोच्या आतली पाती फिरवते.

कमी आरपीएमला सायलेन्सरचा वायू कमी असतो. पाती मिटली की तोच वायू अरुंद फटीतनं जोरात जातो आणि टर्बो लवकर फिरायला लागतो. नळाच्या तोंडावर बोट धरलं की पाणी लांब जातं, तसंच. पाती मिटायला वॅक्यूम लागतो. वॅक्यूम नसला तर पाती उघडीच राहतात आणि बाराशे-पंधराशे आरपीएमला टर्बो नावालाच असतो. हवा कमी, म्हणून ईसीएम डिझेल कमी देतो. म्हणून धूर नाही. वेग वाढला की वायूच एवढा होतो की पाती उघडी असली तरी टर्बो फिरतो, म्हणून दोन हजारच्या वर तक्रार नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनवर ओझंच नसतं, तिथं टर्बोची गरजच पडत नाही.

आता ब्रेकचं बघा. पेडल दाबून सोडलं की बूस्टरमध्ये बाहेरची हवा शिरते. पंपाला ती पुन्हा ओढून काढावी लागते. पंप आणि नळ्या चांगल्या असतील तर हे चटकन उरकतं, आपल्याला कळतही नाही. कुठं गळती असली तर पंप बूस्टरमधली हवा ओढण्यातच गुंततो आणि टर्बोच्या डब्याला ओढ उरत नाही. तुम्ही ब्रेक मारून थांबता आणि लगेच निघता, नेमका तोच वेळ वॅक्यूम सगळ्यात कमी असतो. हँडब्रेकवर मिनिटभर थांबलात तेव्हा पंपाला वेळ मिळाला.

म्हणून म्हटलं गाडी उभी करा. उचल नसल्याचा त्रास तुम्हाला जाणवला, पण त्याच गळतीनं तुमचा ब्रेकही अर्धा केलाय. भरलेल्या गाडीनं उतारावर लागोपाठ तीनदा ब्रेक लागला असता तर?

उद्या उजेडात हे करा. गाडी बंद असताना ब्रेक पाच-सहा वेळा दाबून कडक करा, पाय तसाच दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. पेडल पायाखाली थोडं खाली जायला पाहिजे. मग बॉनेट उघडून टर्बोच्या सळईवर नजर ठेवा, दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा. चालू होताच सळई ठामपणे ओढली जाते, बंद केल्यावर परत येते. ती अर्ध्यातच अडली किंवा हळूहळू सरकली तर पंपापासनं टर्बोपर्यंत प्रत्येक नळी बोटानं चाचपत जा. नुसतं बघून भागत नाही, खालच्या बाजूनं चिरलेली असते.

वाई_पाचगणी
बुधवार, रात्री ९.३०

इथेच विचारतो. माझी गाडी बीएस-६ आहे, पसरणी घाटात दबते. वर पाचगणीला हवा विरळ म्हणून असेल का? मध्ये मध्ये डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरचा, दिवाही लागतो.

मिरज_फिटर
बुधवार, रात्री ९.५०

पाचगणी-महाबळेश्वरला हवा समुद्रकाठापेक्षा साधारण १५ टक्के विरळ असते, पण धडका टर्बो ती तूट बऱ्यापैकी भरून काढतो. तुमचा दिवा महत्त्वाचा. डीपीएफमध्ये काजळी भरली की मागं दाब अडतो आणि गाडी ताकद कापते. घाट आणि गावातली ये-जा यानं सायलेन्सर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही. दिवा लागला की महामार्गावर एकसारख्या वेगानं वीसेक मिनिटं चालवा, मध्ये बंद करू नका. ऑइलची पातळीही बघा. काजळी जाळण्याचं काम सारखं अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. वाढलेली दिसली तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, म्हणजे दोन्ही प्रश्नांना न्याय मिळेल.

बेदाणा_तासगाव
गुरुवार, दुपारी १२.१५

सापडलं!

सकाळी भाच्याला सीटवर बसवलं. पेडल खाली गेलं, पण अगदी थोडं आणि सावकाश. सळई अर्ध्याच्याही कमी सरकली, आणि ब्रेक दाबला की परत मागं आली. डोळ्यानं दिसलं, काका. तुम्ही लिहिलं होतं तसंच.

मग नळी चाचपत गेलो. बॅटरीच्या मागं, वायरिंगच्या जुडग्याखाली बोट अडकलं. नळी उलटी केली तर दोन ठिकाणी उंदरानं कुरतडलेली. एका जागी आरपार भोक, दुसरीकडे दातांच्या खुणा. बॅटरीच्या ट्रेमध्ये बेदाण्याच्या काड्या, कागदाचे कपटे आणि लेंड्या. हंगामापासून गाडी रात्री शेडमध्येच लावतोय. ऊब आणि खायला, दोन्ही तिथंच. त्रास सुरू झाला तोही तेव्हापासूनच. हे मी पहिल्या दिवशी लिहायला हवं होतं, सुचलंच नाही.

शेतकरीण_पलूस
गुरुवार, दुपारी १२.४०

देवाची कृपा, फाट्यावर निभावलं. दादा, वायरिंगही तपासा. उंदीर एका नळीवर थांबत नाही.

ड्रायव्हर_कराड
गुरुवार, दुपारी १.१०

पाव्हणं, लई बरं झालं. ब्रेकवरनं टर्बो कळतो हे मला आज कळलं. धा वर्षांत कुणी सांगितलं न्हवतं. माझ्या दोन गाड्यांचं ब्रेक आज संध्याकाळी बघतो. आणि फिटर काका, त्या चार गाड्यांतल्या दोन अजून माझ्याकडंच हायत, पत्रं काढून व्हॉल्व्ह साफ करून घेतो.

मिरज_फिटर
गुरुवार, दुपारी २.००

फार बरं वाटलं. आता नळी कोणती टाकताय? सलाइनची नळी, पाण्याच्या पातळीची नळी असलं काही चढवू नका. थंडीत चालते, इंजिन तापलं की मऊ पडते आणि वॅक्यूमनं आतल्या आत चिकटते. मग दोष पुन्हा येतो, आणि तोही फक्त गरम गाडीत, शोधताना जीव जातो. वॅक्यूमची जाड भिंतीची रबरी नळीच मागा. कुरतडलेला तुकडा दुकानात घेऊन जा, आतलं भोक तेवढंच पाहिजे.

बेदाणा_तासगाव
शुक्रवार, रात्री ८.५०

सांगलीतनं तशीच नळी आणली, मॉड्युलेटरपर्यंतची सगळी बदलली. ब्रेक लोण्यासारखा झाला. चारदा दाबला तरी कडक होत नाही.

पण उचल पूर्ण आली नाही. दोन सेकंदांचा एक सेकंद झालाय. रिकामी गाडी चांगली, भरलेली अजून किंचित अडते. ओळखीच्या एकाकडे स्कॅनर आहे. या वेळी कोड न बघता चालत्या गाडीचे आकडे बघितले. पेडलचे दोन्ही व्होल्ट बरोबर, एक दुसऱ्याच्या दुप्पट. रेलचा दाब मागितला तेवढा मिळतोय. टर्बोचा दाब मात्र मागणीच्या मागं रेंगाळतो आणि मग गाठतो. गेज लावून बघितलं, पंपाजवळ वॅक्यूम ६२० मिलिमीटर, टर्बोच्या डब्याजवळ मात्र ४०० सुद्धा नाही.

मिरज_फिटर
शुक्रवार, रात्री ९.२०

शाबास, हेच काम पहिल्या गॅरेजनं करायला हवं होतं. पंप चांगला आहे. पंप आणि डबा यांच्यामध्ये आता मॉड्युलेटरच उरतो. त्याच्यावर हवा यायची एक बारीक तोटी असते, तोंडाला स्पंजची टोपी. त्या तोटीतनं दोन महिने शेडची धूळ आत ओढली गेली, ती तिथं जाऊन बसली असणार. टोपी काढा, तोट्यांमधनं हलकी कोरडी हवा मारा. जोराचा कॉम्प्रेसर नको, आतला पडदा फाटतो. तरी नाही जमलं तर तेवढाच मॉड्युलेटर बदला. टर्बो उघडू देऊ नका.

एक राहिलं. हातपंपानं थेट डब्याला वॅक्यूम द्या आणि सोडून बघा. सळई ओढलेली तशीच राहिली तर डब्याचा पडदा शाबूत आहे. आपोआप परत आली तर डबा फाटलाय.

बेदाणा_तासगाव
रविवार, संध्याकाळी ६.३०

डबा शाबूत. सळई पाच मिनिटं तशीच राहिली. मॉड्युलेटर साफ करून थोडाच फरक पडला, म्हणून काल नवीन टाकला. मी बदललेल्या पेडलच्या निम्म्या किमतीत आला.

आज ८० पेट्या भरून नागज फाट्यावर गेलो. या वेळी मी आणि भाचा दोघंच. थांबलो, दोन्हीकडे बघितलं, पहिला टाकला. पाय दिला तशी उचलली. पलीकडे पोचल्यावर गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं नुसता बसलो.

जुनं पेडल चांगलंच होतं, ते जपून ठेवलंय. गाडी आता शेडबाहेर लावतो, बॅटरीच्या ट्रेवर जाळी ठोकलीय, रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवतो म्हणजे आत ऊब राहत नाही. कुणाला आणखी काही उपाय माहीत असेल तर सांगा. शेजारच्या शेडमध्ये अजून तीन पिकअप रात्रभर बेदाण्याशेजारी उभ्या असतात. उद्या सकाळी त्यांची बॉनेटं उघडायला सांगितलंय.